तुम्ही विचारलंत म्हणून: कारखान्यातला अर्धा वाटा

"मॅडम, घटस्फोट झाला तर कारखान्यातला अर्धा हिस्सा माझाच ना?" हा प्रश्न कधी बाई स्वतः विचारते, बहुतेक वेळा तिचा भाऊ किंवा वडील. नवरा येतो तेव्हा प्रश्न उलटा असतो, "अर्धा द्यावाच लागतो का हो?" मी सोलापुरात हिशेबाचं आणि कराचं काम करते. माझ्याकडची निम्मी खाती टॉवेल-चादरीवाल्यांची, त्यामुळे घरातलं भांडण कोर्टात गेलं की वकिलाच्या पाठोपाठ माणसं माझ्याकडे येतात. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाही. अर्धा हिस्सा आपोआप मिळत नाही. लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं, असा नियम कॅलिफोर्नियात आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातही जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रात तसं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ फक्त लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं आहे. स्त्रीधन बाईचंच. बाकी ज्याचं नाव कागदावर, त्याची मालमत्ता. माग कोर्टात मोजून चार इकडे, चार तिकडे होत नाहीत. होतं ते कलम २५ खाली: कायमची पोटगी, दरमहा किंवा एकरकमी. ती ठरवताना न्यायालय दोघांचं उत्पन्न, दोघांची मालमत्ता, वागणूक आणि इतर परिस्थिती बघतं. म्हणजे धंदा वाटला जात नाही, पण त्याची किंमत आणि कमाई मात्र टेबलावर येते. खरी मारामारी तिथेच.

धंदा सासऱ्यांचा किंवा एकत्र कुटुंबाचा असेल तर सून म्हणून त्यात वाटणी मागता येत नाही. नवऱ्याचा त्यात जो हिस्सा असेल, तो त्याची ऐपत म्हणून दाखवता येतो, इतकंच. भागीदारीच्या दस्तात बायकोचं नाव असेल तर मामला बदलतो. मग ती बायको म्हणून नाही, भागीदार म्हणून मागते. बाहेर पडूनही तिचा हिशेब चुकता केला नाही आणि धंदा तसाच चालू ठेवला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तिला फर्मच्या मालमत्तेतल्या तिच्या हिश्श्यावरचा नफा किंवा त्या हिश्श्यावर सालीना ६ टक्के व्याज, दोन्हींपैकी एक निवडता येतं. करारात वेगळं ठरलं नसेल तर. बऱ्याच बायकांना आपण भागीदार आहोत हे सही मागायला कोणी आलं की कळतं.

आता किंमत. ताळेबंदाच्या खाली जो आकडा दिसतो ती धंद्याची किंमत नव्हे. मागांची किंमत तिथे दरसाल घसारा, म्हणजे वापराची झीज, काढून उरलेली असते. बाजारात साधा जुना माग कित्येकदा भंगाराच्या वजनावर जातो आणि चांगलं जॅकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) बसवलेला माग पुस्तकापेक्षा जास्त देऊन जातो. उधारीत १८ लाख लिहिलेले असतात, त्यातले पाच लाख अशा व्यापाऱ्याकडे अडकलेले असतात ज्याने दुकान कधीच बंद केलं. जागा औद्योगिक वसाहतीत असेल तर ती भाडेपट्ट्याची. औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क सुटत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नफा. एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण नमुना ओळखीचा आहे. टॉवेलचा छोटा कारखाना, विवरणपत्रात वर्षाचा नफा ४ लाख ८० हजार. खर्चाची पानं उलटायला लागायचं. मोटारीचा खर्च १ लाख ८० हजार, आणि मोटार कारखान्यापेक्षा अक्कलकोट, तुळजापूरलाच जास्त जाते. घरचं लाइटबिल आणि विम्याचे हप्ते मिळून ६० हजार. धाकट्या भावाच्या नावाने पगार १ लाख ८० हजार. भाऊ पुण्यात नोकरीला आणि पैसे परत याच घरात. हे सगळं मिळवलं की होतात ९ लाख.

मुलीकडचे लोक इथे थांबतात. पण दुसरी बाजूही आहे. शेड सासऱ्यांची, भाडं कधी लावलेलंच नाही. बाहेर घेतली तर वर्षाला १ लाख २० हजार जातील. मालक स्वतः सकाळपासून मागांवर उभा असतो. त्याच्या जागी माहीतगार माणूस ठेवला तर ३ लाख. वजा करा. पुन्हा ४ लाख ८० हजारच!

मग खरं काय? दोन्ही. या माणसाच्या हाती वर्षाला किती पडतं, हा पोटगीचा प्रश्न. त्याचं उत्तर ९ लाख. हा धंदा परक्या माणसाने विकत घेतला तर त्याला काय सुटेल, हा किमतीचा प्रश्न. त्याचं उत्तर ४ लाख ८० हजार. एका माणसावर चालणाऱ्या अशा कारखान्याला तीन वर्षांच्या नफ्याहून जास्त कोणी देईल असं मला वाटत नाही, कारण गिऱ्हाईक त्या माणसाच्या शब्दावर टिकलेलं असतं. तो गेला की ऑर्डरही जाते. वकील मंडळी हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. आणि एकच कमाई आधी धंद्याच्या किमतीत धरायची आणि परत तिच्यावरच दरमहा पोटगी मागायची, हेही मला पटत नाही. (पोटगी म्हणजे पगाराचे २५ टक्के, असं ऐकलं असेल, तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा रास्त मानला, तेव्हापासून सगळे तो आकडा धरून बसलेत. पगारदाराचं ठीक आहे. मागवाल्याला पगार कुठला?)

नवरे इथे एक खेळ करतात. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात साहेब लिहितात, महिना २५ हजार सुटतात, धंदा बसलाय, सुताचे भाव चढलेत. त्याच महिन्यात कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावर बँक देते त्या कर्जाच्या मर्यादेसाठी, बँकेला दिलेल्या स्टॉकच्या पत्रकात २२ लाखांचा माल असतो. कोर्टात गरीब, बँकेत श्रीमंत. ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवली की उलटतपासणी सोपी होते. मात्र बाईच्या बाजूनेही ते २२ लाख खरे धरून चालू नये. मर्यादा टिकवायला माल फुगवून लिहिण्याची सवय बाजारात जुनी आहे. जीएसटीची विवरणपत्रं आणि वीजबिल जास्त खरं बोलतात. माग किती तास चालले हे मीटरला माहीत असतं.

हिशेबात कुठेच न येणारी एक गोष्ट मला खटकते. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत खाली माग आणि वर संसार. टॉवेलच्या कडा शिवायच्या, डाग बघायचे, मोजून डझनाचे गठ्ठे बांधायचे, कांडीवाल्या (कांड्यांवर सूत भरणाऱ्या) बायकांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या लिहायच्या, ही कामं सून वर्षानुवर्षं करते आणि वहीत तिच्या नावापुढे शून्य. पगार लावला असता तर नफा तेवढा कमी दिसला असता, म्हणजे आज दिसतो त्या नफ्यात तिची मजुरी आहे. कलम २५ मधल्या 'इतर परिस्थिती'त हे मांडता येतं, पण पुरावा लागतो. चलनबुकात तिचं अक्षर असतं, व्यापाऱ्यांना तिने पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप असतात. माहेरी निघताना बायका दागिने आठवणीने नेतात. त्या वह्यांचे फोटोही काढून न्यावेत.

आणि ज्याबद्दल मला कोणीच विचारत नाही ते: जामीनकी. कर्ज घेताना बँक बायकोची सही घेते. घटस्फोटाचा हुकूम बँकेला बांधत नाही. नवरा-बायको वेगळे झाले, तरी त्याचं खातं थकलं की नोटीस माहेरच्या पत्त्यावर येते. चालू मर्यादेसाठी दिलेली हमी बँकेला लेखी कळवून पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते, आधीचं देणं मात्र डोक्यावर राहतं. फर्मच तिच्या नावावर असेल तर आणखी अवघड. मालक तीच, जीएसटीचं देणंही तिचंच. परस्पर संमतीने वेगळे होत असाल तर अटींमध्ये एकरकमी आकडा कितीही मोठा लिहून घ्या, पण त्याचे हप्ते असतील तर शेडवर किंवा घरावर बोजा चढवून घ्या. कलम २५ मध्ये तशी सोय आहे. आणि दुसऱ्या अर्जाच्या (संमतीच्या घटस्फोटात कोर्टापुढे दोनदा जावं लागतं, त्यातल्या शेवटच्या) तारखेआधी बँकेकडून हमीतून मुक्त केल्याचं पत्र आणायला सांगा. नवरा म्हणेल, बँक ऐकत नाही. दुसरा जामीन दिला तर ऐकते.