ब्लड कॅन्सरचे पेशंट शोधताना: माझा अनुभव

बीड-धाराशिवच्या गावांत मी कॅन्सर नोंदणीचं काम करायचो. नवे पेशंट किती, आणि निदानानंतर किती वर्षं जगले, एवढंच काढायचं. गाव पालथं घालून नोंद करायची ही पद्धत बार्शीच्या ग्रामीण नोंदणीची. 1987 पासून त्यात आपले भूम-परांडाही आहेत.

अक्यूट ल्युकेमियाने, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरने, मात्र घाम काढला. ताप, अंगावर डाग, हिरड्यांतून रक्त. आधी डेंग्यू समजून सलाईन, मग बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) तपासणीसाठी सोलापूर नाहीतर पुणे. निदान तिकडं, माणूस इकडं. म्हणून शहरातल्या लॅबची रजिस्टरं घेऊन ‘ब्लास्ट’, म्हणजे रक्ताच्या कच्च्या पेशी, शोधत बसायचं. मॅरोत ते 20 टक्के किंवा जास्त असले की बहुधा अक्यूट. पण त्याच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एएलएल की एएमएल, हे सांगणारा फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींची ओळख पटवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट बहुतेकदा घरच्यांच्या पिशवीत.

आणि घराला कुलूप! धारूरकडच्या एका वस्तीवर शेजारच्या मावशी म्हणाल्या, “टोळी दिवाळीलाच गेली कारखान्यावर. पोरगं बी संगं नेलंय, गोळ्या चालू हायत त्याच्या.” मुकादमाचा नंबर मिळवला, त्याच्याकडून बापाचा. बापाने फोनवर पाकिटावरचं नाव अडखळत वाचलं: मर्कॅप्टोप्युरिन. म्हणजे एएलएल, मेंटेनन्स (आजार उलटू नये म्हणून गोळ्यांचा लांब टप्पा) चालू. हा उपचार सगळा मिळून दोन-तीन वर्षं चालतो, आणि बाप फडात कोयता चालवत तो सांभाळत होता. तारीख टाकली, जिवंत लिहिलं.

सगळे असे सापडत नाहीत. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत कारण ‘ताप’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असतं, त्यामुळे नाव, वय, बापाचं नाव जुळवत बसावं लागतं. एवढी खटपट कशाला, असं वरून विचारलं जायचं. अहो, गेलेला माणूस सापडला नाही तर तो शेवटच्या भेटीपर्यंत जिवंतच धरला जातो आणि जगण्याचा टक्का फुगतो. त्यात हा आजार विरळ, तालुक्यात वर्षाला बोटांवर मोजण्याइतके पेशंट. दोन-तीन निसटले तरी आकडा कुठल्या कुठं जातो. मला तर पाठपुराव्याशिवाय छापलेले सर्व्हायव्हलचे टक्के वाचवतच नाहीत.

पुढं बीडच्या फेऱ्या मी अक्षय तृतीयेनंतरच लावू लागलो. तोवर टोळ्या परतलेल्या असतात, लग्नसराईमुळे पाहुणेही गावात असतात, आणि कोण कुठं दवाखान्यात आहे हे पारावरच कळतं.