ईयोबाचे मित्र कुठे चुकले?

देव सर्वशक्तिमान आहे, तो प्रीती आहे आणि तरीही निरपराध माणसे यातना भोगतात, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मानणे ही ख्रिस्ती श्रद्धेपुढची सर्वांत जुनी अडचण आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने हा पेच एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने नोंदवला: देव दुःख दूर करू इच्छितो पण करू शकत नाही, की करू शकतो पण इच्छित नाही?

याला सर्वांत प्रभावी उत्तर दिले ते ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने. तारुण्यातील काही वर्षे तो मानीच्या पंथात होता आणि त्या पंथाच्या शिकवणुकीत प्रकाश व अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे होती. पुढे ती भूमिका सोडताना त्याने असे मांडले की वाईट ही मुळात वस्तूच नव्हे, तो चांगल्याचा अभाव आहे, आणि माणसाने आपली इच्छा देवापासून वळवल्यामुळे तो जगात शिरला. युद्ध, छळ, फसवणूक यांच्यापुरते हे उत्तर मला पटते. मात्र 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि उपासनेसाठी चर्चमध्ये जमलेले लोक ढिगाऱ्याखाली गाडले गेले, तेव्हा तिथे कोणाची इच्छा चुकली होती? दुःखातून माणूस घडतो, असेही सांगितले जाते. पण काही महिन्यांच्या मुलाच्या मृत्यूपुढे ते मोठ्याने म्हणून पाहावे.

मला विशेष वाटते ते हे की, अशा स्पष्टीकरणांविषयी खुद्द बायबललाच फारसा विश्वास नाही. बायबलमधील ईयोब हा नीतिमान माणूस; त्याची गुरेढोरे आणि दहाही मुले एकाएकी जातात. त्याचे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात, आणि त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. नंतर ते बोलू लागतात: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तुझे काहीतरी चुकलेच असणार. तर्क नेटका, भाषा भक्तीची. आणि तरीही अखेरीस देवाचा कोप होतो तो या देवाची बाजू घेणाऱ्यांवर, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. येशूही हाच हिशेब नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे तो लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगतो. एवढे असूनही अंत्यविधीच्या वेळी ईयोबाच्या त्या मित्रांपैकी एक असलेल्या एलीफजाचीच भाषणे नव्याने केली जातात, हे मात्र मला समजत नाही.

स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि 88वे स्तोत्र तर आशेच्या एका ओळीशिवाय अंधारातच संपते. तरीही ते उपासनेच्या ग्रंथात ठेवले गेले. वधस्तंभावरील ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्दही 22व्या स्तोत्राचेच आहेत. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हा प्रश्न देवाच्या पुत्रानेच विचारलेला असल्यामुळे तो विचारणे हा अविश्वास ठरू शकत नाही, असे माझे मत आहे.

यातून पेच सुटत नाही, हे मान्य करावे लागते. ईयोबाला शेवटी गुरेढोरे दुप्पट मिळतात, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात; पण पहिली दहा परत येत नाहीत, आणि स्वर्गात सैतानाशी झालेल्या ज्या संभाषणामुळे हे सारे घडले, त्याविषयी ईयोबाला अखेरपर्यंत कोणीही काही सांगत नाही.