पान १४ सुटलं, पण आता पानं वाढतायत

मागच्या अपडेटला लिहिलं होतं की मी काढतेय त्या कॉमिकच्या पान १४ वर गाडी अडकलीय आणि ते पानच काढून टाकावं असं वाटतंय. तर मंडळी, परवा रात्री साडेअकराला ते सुटलं, आणि तेव्हापासून मी ते पान टेबलावर उभं करून ठेवलंय, जाता येता बघते.

आधीचे भाग वाचलेल्यांना प्रसंग माहितीये. वैजू, दहावी, डिसेंबर १९९८, नाशिकच्या पंचवटीतलं स्वयंपाकघर. आई फळीवरचे डबे उतरवून खालचे पेपर बदलतेय. वैजूला तिला सांगायचंय की मला कोणीतरी आवडतं, पण ते कोणीतरी मुलगी आहे हे अजून सांगायचं नाहीये. तीन चौकटी, संवादाचे चार फुगे, बस. यात पाच आठवडे गेले.

कारण मराठीत लपायला जागाच नाही. तो आला नाहीतर ती आली, क्रियापदच चुगली करतं. 'कोणीतरी आवडतं' इथपर्यंत निभावतं, पण आई लगेच विचारणार 'कुठे भेटला?' आणि तिथे वैजूला खोटं तरी बोलावं लागतं नाहीतर सगळं सांगावं तरी लागतं. मग मी कर्ता गाळून बघितला, म्हणजे 'माझ्यासाठी वही आणली, नोट्स उतरवून दिल्या', यात क्रियापद वहीच्या आणि नोट्सच्या मागे जातं त्यामुळे देणारं कोण ते कळत नाही. व्याकरणाने चाललं, पण मोठ्याने वाचलं तर वैजू पोलिसांत जबाब देतेय असं वाटायला लागलं. मी स्वतः घरी सांगितलं तेव्हा इंग्रजीच्या आडून सांगितलं होतं, ती सोय वैजूला नाही कारण तिची आई इंग्रजी बोलत नाही, आणि ती सोय मला द्यायचीही नव्हती.

सुटलं ते विजय तेंडुलकरांमुळे. सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, 'मित्राची गोष्ट' परत आणलं होतं, १९८१ चं नाटक, बाईचं बाईवरचं प्रेम मराठीत उघड मांडणारं. शेवटी मित्रा जीव देते त्याचा मला कॉलेजपासून राग आहे, वैजूची गोष्ट मी काढतेय त्याचं अर्धं कारण तो शेवट आहे. पण या वेळी मी नावापाशीच थांबले. मित्राची. मित्र असला तरी मित्राची आणि सुमित्राची मित्रा झाली तरी मित्राचीच! म्हणजे लपवायची जागा शब्दातच असते, आपण ती शोधायची. आणि मग भांडी घासताना एकदम डोक्यात आलं, व्यक्ती. ती व्यक्ती. पुरुष असो बाई असो, व्यक्ती स्त्रीलिंगीच, म्हणजे पुढे भेटली, हसली, म्हणाली सगळं खरं बोलता येतं आणि तरी काहीच सांगितलेलं नसतं.

आता स्वयंपाकघरात कोण 'व्यक्ती' म्हणतं? कोणी नाही. पण त्यानेच पान उभं राहिलं. वैजू म्हणते, 'एक व्यक्ती आहे. क्लासला भेटली.' आई पाठमोरीच, 'व्यक्ती काय गं, पुस्तकातल्यासारखं?' तिसऱ्या चौकटीत वैजूचा फुगा, त्यात फक्त 'ती'. आईचा हात तूरडाळीच्या डब्यावर थांबलाय. डब्याखालच्या पेपरात 'फायर'ची, दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमाची, बातमी आहे, मुंबईत आणि दिल्लीत थिएटरं फोडली ती, आणि त्याच डिसेंबरात दिल्लीत बायका निदर्शनाला उतरल्या, एका पाटीवर 'इंडियन अँड लेस्बियन' लिहिलेलं होतं. मी पाटीचा फोटो अर्धा डब्याखाली घातलाय. वैजूला तो दिसतोय, आईला नाही.

लेटरिंगचंही, म्हणजे फुग्यांतल्या अक्षरांचंही, सांगते कारण तिथे दोन संध्याकाळी गेल्या. मला 'व्यक्ती'तला 'ती' वेगळा दिसायला हवा होता, म्हणजे अर्धा क बारीक आणि पुढचा ती जाड. फाँटमध्ये क्त चं जुनं जोडाक्षरच येतं, सोडवायला गेलं की माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बाकीचा मजकूर मोडतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. शेवटी सगळे फुगे हाताने लिहिले. बारीक अक्षर निबने, 'ती' बोरूने, बोरू घरीच तिरका कापला. माझं स्पष्ट मत झालंय की देवनागरी फुग्याला बोरूसारखं काही नाही, शिरोरेषा एका दमात जाते. कागद मात्र जपून घ्या, मेनरोडवरून आणलेल्या स्वस्त गठ्ठ्यावर शाई फुटली आणि एक तयार पान गेलं. आता २०० जीएसएमचा जाड कार्ट्रिज कागदच, तोही आधी एक सुटा कागद आणून शाई टाकून बघायची.

भोपाळची दोन पानं पेन्सिलमध्ये तयार आहेत. १९८७ मध्ये पोलिसातल्या दोघी कॉन्स्टेबलनी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली, ते. चेहरे काढणार नाही हे पक्कं केलंय. खुंटीवर दोन टोप्या, पुढच्या पानावर नुसती खुंटी.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलंय. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती! आपण नाशिककर पूर त्याच्यावर मोजतो, घोट्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात छोटा मारुती घ्यायचा आणि वैजूच्या मनात जसजसं साठत जाईल तसतसं पाणी चढवायचं. पान १४ ला गळ्यापर्यंत. सांगून टाकेल त्या पानावर पाणी ओसरलेलं, पायऱ्यांवर नुसता गाळ. थांबा, पण मग ओसरण्याला एक अख्खं जोडपान लागेल, म्हणजे २८ ची ३० पानं होतात आणि मधे पिन मारायची तर चारच्या पटीत हवीत. ३२ करते. उरलेल्या दोनात वैजू आणि तिला आवडणारी मंजू घाटावर बसलेल्या, एकही फुगा नाही.

छपाईचा खर्च वाढेल. पण अमेरिकेतल्या मेरी विंग्जने १९७३ मध्ये 'कम आउट कॉमिक्स' हे लेस्बियन कॉमिक स्वतःच काढून स्वतःच छापलं होतं, तेव्हा मीही कोणा प्रकाशकाची वाट बघत बसणार नाहीये. आधी ५० प्रती.

रविवारी सकाळी सातला घाटावर स्केचिंगला जातेय, मारुतीची मागची बाजू नीट बघायचीय. नव्वदच्या दशकातला पुराच्या वेळचा घरचा फोटो कोणाच्या अल्बममध्ये असेल तर प्लीज स्कॅन करून पाठवा, कमरेच्या वर पाणी असलेला हवाय.