बुरीन: वांदेच्या दलदलीतलं मातीचं घर

फ्रान्सच्या वांदे जिल्ह्यात, अटलांटिकच्या काठी, मारे ब्रतों नावाची दलदल आहे. चर आणि कालवे खोदून पाणी वाटेला लावलेला सपाट मुलूख. दगड दुर्मिळ, लाकूड त्याहून दुर्मिळ, म्हणून शेतकऱ्यांनी पायाखालच्या मातीचीच घरं उभारली. त्यांना बुरीन म्हणतात. सँतिलेर-द-रिये गावाजवळचं ब्वा झ्युको हे बुरीन गोठा, खुराडं, परसबाग अशा आवारासकट जपलंय. आईला घेऊन ते पाहून आलो.

भिंतींना विटा नाहीत. मातीत पेंढा तुडवून थरावर थर चढवलेला, वरून चुन्याचा हात. छप्पर बोरूने शाकारलेलं. घर मुद्दाम बुटकं ठेवलेलं, समुद्राच्या वाऱ्याकडे पाठ करून. आत पलंग मात्र इतके उंच की चढायला काहीतरी पायाखाली घ्यावं लागेल. पुराचं पाणी घरात शिरायचं, हे कळल्यावर त्या उंचीचा अर्थ लागतो.

आम्ही रमलो ते चुलीपाशी. लाकूड नाही, तर जाळायचं काय? वाळवलेलं शेण! आईचे प्रश्न संपेनात: गोवऱ्या भिंतीवर थापत की जमिनीवर? पावसाळ्यासाठी साठवत कुठे? माझ्या मोडक्या फ्रेंचची परीक्षाच झाली. माहितीफलक वाचून झाले की तिथल्या माणसांशी जरूर बोला, खरी गंमत त्यातच आहे.

जायचं कसं? नांतहून सँ-झिल-क्र्वा-द-व्हीकडे जाणारी लोकल गाडी सँतिलेरला थांबते. तिथून पायी जाण्याइतकं जवळ नाही. सायकल उत्तम, पण रस्ता सपाट असला तरी समोरचा वारा दमवतो. वर्षभर उघडं असेल असं गृहीत धरू नका, निघण्याआधी वेळा पाहा. पाऊस झाला असेल तर बंद बूट घाला.

मोटार असेल तर ग्वाचा रस्ता जोडून घेता येईल. नुआरमुतिए बेटाकडे जाणारा हा सुमारे ४ किलोमीटरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. ओहोटीच्या आधी-नंतर दीड-दीड तास, एवढीच मुभा; वेळापत्रक न पाहता गाडी घालू नका. एकाच दिवशी दोन्ही उरकायची घाई मी तरी करणार नाही.

जेवायला सँ-झिलला सार्डिन. शाकाहारी असाल तर मोजेत, म्हणजे इथला पांढरा घेवडा, मागवा. फक्त त्यात डुकराचं मांस नाही ना, हे आधी विचारा.