रोबोट पळाले, अर्ज मात्र अडला

आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धा घेतल्यापासून इतर शाळांतले शिक्षक फोन करतात. ट्रॅक कुणी काढला, परीक्षक कुठून आणले, बक्षिसांचे पैसे कुणी दिले, असं सगळं विचारतात. खरं सांगायचं तर या कामांना काहीच त्रास झाला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्या मामांनी रोबो-सॉकरच्या, म्हणजे रोबोटांच्या फुटबॉलच्या, मैदानाची चौकट फुकट करून दिली, वर चहाही पाजला. परीक्षक म्हणून अभियांत्रिकीची माजी विद्यार्थी मंडळी हसत आली. अडलं ते सभागृहापाशी, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

सभागृह एका संस्थेचं. नाव लिहीत नाही. तिथल्या छापील अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना आहे: लग्न, साखरपुडा, सभा, सांस्कृतिक, प्रदर्शन. मी ‘इतर’ असं हातानं लिहून पुढं ‘विद्यार्थ्यांची रोबोटिक्स स्पर्धा’ असं लिहिलं. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

“रोबोट म्हणजे मशीनच की ओ मॅडम?”

“हो, छोटी. मुलांनी केलेली.”

“मग प्रदर्शन लिहा. प्रदर्शनाचा दर वेगळा हाय.”

तो दर लग्नापेक्षाही जास्त निघाला. शाळेचं पत्र, मुख्याध्यापकांची सही, प्रवेश मोफत असल्याचं लेखी, एवढं दिल्यावर प्रकार ‘सांस्कृतिक’ ठरला आणि मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “मशीन चालतंय कशावर?” मी बॅटरी म्हणाले. झालं. अग्निशमनचा दाखला आणा, मग आरक्षणाचं पत्र देतो.

दाखल्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यानं पाहिलंय तो कोल्हापूरकर आगीच्या कागदाला नावं ठेवणार नाही. अग्निशमनच्या साहेबांनीही नीट ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: जागा कोणती, तारीख कुठली, माणसं किती, हे कागदावर असल्याशिवाय मी तपासू काय? आरक्षणाचं पत्र आणा. सभागृहात म्हणाले, दाखल्याशिवाय पत्र नाही.

पुढं काय झालं असेल ते ज्यानं कुठल्याही कार्यालयात कागद दिलाय त्याला सांगायला नको. भाऊसाहेबांचं उत्तर ठरलेलं. “साहेब ठरवतील.” सभागृहाचे हे साहेब सकाळी असत तेव्हा मी वर्गावर, मी मोकळी झाले की साहेब जोतिबाला, नाहीतर कुणाच्या तरी वास्तुशांतीला. बाकावर बसून मी मुलांच्या वह्या तपासल्या. त्याच बाकावर शेजारी लग्नाची मंडळी येत, पैसे भरत, पावती घेऊन जात. त्यांच्याकडं आचाऱ्याचे गॅस सिलिंडर येणार, जनरेटर येणार, दारात फटाक्यांची माळ लागणार. त्यांना कुणी दाखला विचारला नाही. आमच्या तळहाताएवढ्या बॅटऱ्यांचा मात्र धसका. हे मी तोंडावर बोलले. भाऊसाहेब म्हणाले, “लग्न दरवर्षी होतंय मॅडम. हे पहिल्यांदा हाय.” यावर काय बोलणार.

गाठ सोडवली आमच्या शाळेच्या निवृत्त हेडक्लार्कनी. सगळं ऐकून ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही आरक्षणाचं पत्र मागू नका. तत्त्वतः मान्यता मागा.” मग त्यांनीच अर्ज सांगितला, मी लिहिला. विषय, संदर्भ, आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘अग्निशमन विभागाचा दाखला सादर करण्याच्या अधीन राहून’. सोबत बॅटऱ्यांची यादी: प्रकार, व्होल्ट, जास्तीत जास्त संख्या, चार्जिंग कुठं होणार. दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का. शिक्का म्हटल्यावर भाऊसाहेब कुरकुरले, पण मारला. शिक्का बसला म्हणजे अर्ज ‘मिळालाच नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही, आणि साहेबांना त्यावर काहीतरी शेरा लिहावाच लागतो. शेरा आला. तो घेऊन मी अग्निशमनकडं गेले, दाखला मिळाला, दाखला घेऊन परत सभागृहात. तिथं आणखी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागितलं. तोवर माझी भांडायची ताकद संपली होती, दिलं.

म्हणून जो कुणी स्पर्धा घेणार असेल त्यानं ट्रॅकच्या आधी हा अर्ज करावा. जानेवारीत घ्यायची असेल तर दिवाळीच्या आधी. नंतर लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात, मग तत्त्वतः मान्यतेला सुद्धा तारीख उरत नाही.

अग्निशमनच्या साहेबांनी चार गोष्टी सांगितल्या त्या इथंच लिहिते, नाहीतर राहतील. लिथियम पॉलिमर बॅटरी एकटी चार्जिंगला सोडायची नाही. चार्जिंगचं टेबल दरवाजाजवळ, एक मोठा माणूस कायम तिथं, शेजारी कोरड्या वाळूची बादली. फुगलेली बॅटरी दिसली की वाद न घालता बाजूला. त्यात माझी एक भर: पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, तो ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. तीन सेलची बॅटरी ९ व्होल्टच्या आसपास आली की काढून ठेवायला लावा. मुलं अंतिम फेरीच्या नादात ती पार पिळून काढतात.

आता ट्रॅक, म्हणजे पांढऱ्यावरची काळी रेघ, जी सेन्सरनं ओळखत रोबोट तिच्यावरून पळतो. आपल्याकडं चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यामुळं फ्लेक्सवर ट्रॅक छापून घेणं हे सगळ्यांच्या मनात पहिलं येतं. छापा, पण चकचकीत नको, मॅट घ्या. आणि छपाईवाल्याला काळी रेघ निव्वळ काळ्या शाईतच हवी असं सांगा. तीन रंग मिसळून केलेलं काळं डोळ्याला काळंच दिसतं, पण इन्फ्रारेड सेन्सरला ते पांढऱ्यासारखं वाटू शकतं, कारण सेन्सरचा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्यावरून परत येतो. आमच्याकडं आदल्या संध्याकाळच्या चाचणीत एकाही रोबोटला रेघ सापडेना. शेवटी वरून काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, तेव्हा सगळे शहाण्यासारखे पळायला लागले.

ऊन ही दुसरी डोकेदुखी. पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून दुपारनंतर ऊन ट्रॅकवर आलं की उन्हातल्या इन्फ्रारेडनं सेन्सर आंधळे होतात. पातळ पडद्यांनी भागत नाही. पावसाळ्यासाठी घेतलेल्या ताडपत्र्या कामाला आल्या. सकाळच्या आणि दुपारच्या संघांना वेगळा उजेड मिळाला तर स्पर्धाच बरोबर होत नाही, तेव्हा प्रत्येक संघाला धावण्याआधी सेन्सर जुळवायला वेळ द्याच.

वेळापत्रकावरून आठवलं. चंदगड, गडहिंग्लजकडची मुलं लांबून एसटीनं येतात, त्यांना नऊच्या फेरीत टाकू नका. शहरातल्या शाळांना सकाळी घ्या.

सॉकरमध्ये रोबोट मोबाईलवरून चालवतात, त्यासाठी बहुतेकांनी एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावलेलं असतं, आणि सगळ्यांचं नाव तेच, पिनही तोच, १२३४. एका संघाच्या मोबाईलला दुसऱ्याचाच रोबोट जोडला गेला आणि मैदानात एकच गोंधळ. येण्याआधी मॉड्यूलचं नाव बदलून त्यात शाळेचं नाव घाला, हे नियमपत्रिकेत ठळक लिहा.

गट पाडण्याबद्दल माझं मत ठाम आहे. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळा आणि नसलेल्या शाळा एकाच गटात नकोत. केंद्र सरकारच्या त्या योजनेत, मुलांनी स्वतः वस्तू करून बघायच्या अशा प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. दुसरीकडं एखाद्या पोरानं जुन्या खेळण्यातली मोटर काढून चाकाला लावलेली असते. रेडिमेड किट आणि स्वतः जुळवलेला रोबोट असे दोन गट केले तेव्हा पालकांची कुरकुर निम्मी झाली. उरलेली निम्मी स्टॉपवॉचवरून होती. प्रत्येक ट्रॅकवर दोन घड्याळं ठेवा, दोघांची सरासरी फळ्यावर लगेच लिहा, आणि पालकांची रांग दोरीच्या पलीकडं.

सभागृहाकडं भरलेल्या अनामत रकमेची मूळ पावती जपा. कार्यक्रम झाल्यावर “पावती ठेवून जा, फोन करतो” म्हणतात, तेव्हा फक्त झेरॉक्स द्या आणि त्या झेरॉक्सवरही शिक्का घ्या. आमची अनामत अजून यायची आहे. साहेब आले की सही होणार आहे.