डोळे नसलेलं पाखरू

१४ नोव्हेंबर, आंबोली

आज पहाटे बरणीतला कोष फुटला. इव्हिनिंग ब्राउन फुलपाखरू. पावसाळ्यात याच बरणीतून निघालेल्यांच्या पंखांखाली ठसठशीत डोळे होते, पिवळ्या कड्यांचे. पक्ष्याची चोच त्या डोळ्यांवर पडावी आणि अंग वाचावं, म्हणून. आजच्याला डोळे नाहीतच, बारीक ठिपके तेवढे. पंख मिटून बसलं की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट. तासभर मी हलले नाही.

जनुकं तीच. अळी वाढताना हवा गार झाली, तो निरोप संप्रेरकांनी कोषातल्या पंखांपर्यंत पोचवला, आणि डोळे उमटलेच नाहीत.

मुंबईत बारा वर्षं मी प्रयोगशाळेतल्या फळमाशांत काढली. त्यांना घालायच्या मक्याच्या पिठाचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. अंड्यापासून माशी दहा दिवसांत. मिशांच्या जागी पाय फुटलेली अँटेनापीडिया माशी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्या रात्री झोप लागली नाही. न्यूसलाइन-फोलहार्ड आणि व्हिशाउस या जीवशास्त्रज्ञांचा १९८० चा निबंध तर वाचून वाचून फाटला. अळीच्या अंगाचे खंड कुठली जनुकं पाडतात, हे त्यांनी हजारो माश्यांच्या वाणांतून शोधून काढलं होतं. १९९५ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण माश्यांच्या बाटलीत तापमान नेहमी २५ अंश. बाहेर तसं नसतं, हे मला इथे येऊन कळलं.

इंग्लंडातलं लार्ज ब्ल्यू फुलपाखरू १९७९ साली नामशेष झालं. माळ राखले होते, पण चराई थांबली, गवत वाढलं, जमीन गारठली आणि त्याच्या अळीला वारुळात सांभाळणारी लाल मुंगी गेली. पुढे स्वीडनहून अळ्या आणल्या, गवत आखूड ठेवलं, तेव्हा ते परतलं. तिथे गवत कापायला हवं होतं, माझ्या पाखराला ते उभं हवं. अळी गवतावरच वाढते.

दुपारी शेजारचे तात्या कोयता घेऊन आले. "बाई, कडेचं गवत काढून टाकतो. सापकिरडू असायचं." मी म्हटलं, वाटेवरचं काढा, गडग्यालगतची दोन हात पट्टी राहू द्या. खाली बसून एक पातं उलटं करून अळी दाखवली.

"ही होय," तात्या म्हणाले. "डोक्याला दोन शिंगं असलेली. भाताच्या पातीवर पण असते की ही."

पट्टी राहिली आहे.