होई आनमधली संकष्टी

रविवार, रात्री साडेअकरा, ठाणे

मी आणि आई व्हिएतनामहून परत आलो, कपडे धुऊन झाले, बॅग अजून हॉलमध्येच पडलीये आणि सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, गोल्डन ब्रिज बघितला का? बघितला बाबा. दा नांग शहराच्या वरती बा ना हिल्सला तो दोन राक्षसी हातांनी धरलेला पूल, २०१८ ला उघडला, हात जुन्या दगडाचे वाटतात पण फायबरग्लासचे आहेत, आणि आम्ही गेलो तेव्हा पूल निम्मा ढगात आणि उरलेला सेल्फी स्टिकांच्या मागे. केबल कार मात्र भारी, खाली नुसतं जंगल. वरती एक फ्रेंच गाव बांधून ठेवलंय, तिथे आई बाकावर बसली आणि म्हणाली, "चल आता, सगळं नवीनच आहे की हे." तिकिटाचे पैसे आठवून मी गप्प बसले.

जायच्या आधी मावशीचं चालू होतं, आपल्या लोकांची टूर घ्या, सोबत महाराज असतो, रोज रात्री वरणभात मिळतो. मला हा प्रकारच पटत नाही, एवढं विमानात बसून जायचं आणि तिथे हॉटेलच्या तळघरात बसून मटार पनीर खायचं, मग घोडबंदर रोडला काय कमी आहे. आईच्या अटी साध्या होत्या, मासे आणि चिकन चालेल, बाकी कुठला प्राणी नको, आणि सकाळी चहा हवा. शेवटची अट सगळ्यात अवघड निघाली, कारण तिथे सगळे कॉफीवाले. कपावर छोटा फिल्टर ठेवतात, त्याला फिन म्हणतात, त्यातून काळीकुट्ट कॉफी थेंब थेंब गळते आणि खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर. तिसऱ्या सकाळपासून आईने चहाचं नावच काढलं नाही.

होई आन हे जुनं बंदर. जपानी, चिनी व्यापारी यायचे, राहायचे, मग नदी गाळाने भरली आणि व्यापार दा नांगला गेला, त्यामुळे गाव आहे तसं राहिलं आणि १९९९ ला युनेस्कोच्या यादीत आलं. पिवळ्या भिंती, कौलं, कंदील. जपानी लोकांनी बांधलेला छपराचा पूल आहे, १५९३ ला काम सुरू झालेला, तोच पूल त्यांच्या वीस हजाराच्या नोटेवर छापलाय. वीस हजार ऐकून घाबरायचं नाही, एका रुपयाला जवळपास तीनशे डाँग, म्हणजे सत्तरेक रुपये होतात, पण आईने पहिल्या दिवशी बान्ह मीचे, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या पावाचे, तीस हजार ऐकले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. एका जुन्या घरात भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा, वर्ष लिहून, काही तर माझ्या डोक्याच्या वर. दरवर्षी पावसात नदी घरात येते, मग माळ्याला एक चौकोनी झडप ठेवलीये, त्यातून सगळं सामान वर ओढून घेतात. २६ जुलै बघितलेल्या माणसाला त्या घराबद्दल फार काही समजावून सांगावं लागत नाही.

खायला काओ लाऊ तिथलं खास, जाड पिवळट नूडल्स, वर डुकराचं मांस आणि कसला कसला पाला. मी खाल्लं. आईने मांसवाल्या वाडग्याला हात लावला नाही पण गाडीवालीने कौतुकाने तिच्या तळहातावर नुसत्या नूडल्स ठेवल्या, त्या आईने चावल्या, परत चावल्या आणि म्हणाली, "यात पापडखार आहे गं." आता मी आदल्या रात्री वाचलं होतं की पीठ भिजवायला राख घातलेलं पाणी वापरायची पद्धत आहे आणि पाणी म्हणे एका ठराविक जुन्या विहिरीचंच लागतं, बा ले नावाची विहीर, हे सगळं मी तिला सांगणार होते. राहिलं. तिने दोन घासात काढलं शोधून.

तिचं आवडतं झालं 'मी क्वांग', हळदीच्या रंगाच्या नूडल्स, रस्सा अगदी तळाला, वर कोळंबी, शेंगदाणे आणि तांदळाचा भाजलेला पापड मोडून घालायचा. आणि बान्ह सेओ, तांदळाच्या पिठात हळद, तव्यावर टाकलं की चर्रर्र, आत कोळंबी, मोड आलेले मूग, मग ते राइस पेपरमध्ये पुदिना आणि कच्च्या केळ्याच्या कापांबरोबर गुंडाळून चटणीत बुडवायचं. चटणीत ती मच्छीची न्योक माम असते, छोटे मासे मिठात घालून वर्षभर मुरवतात. चेंदणी कोळीवाड्याशेजारी लहानपण गेलेल्या बाईला त्या वासाचं काय! मीच नाक धरून होते.

सकाळी बाजारात गेलो की आई मासळीच्या बाजूने जी गायब व्हायची. नदीकाठी बायका त्या टोकदार टोप्या घालून खाली बसलेल्या, पुढे बांगडे, माकुल, कोळंबी. ही कल्ले उघडून बघणार, मान हलवणार, पुढच्या टोपलीकडे जाणार. घ्यायचं काही नाहीये, शिजवायचं कुठे, पण भाव केल्याशिवाय हिला चैन नाही आणि त्यांनाही, दोघी आपापल्या भाषेत मोठमोठ्याने बोलतायत, बोटांनी आकडे, आणि मी मध्ये फोनमध्ये ट्रान्सलेटर उघडून उभी, कोणी विचारत नाही.

मग आली संकष्टी. तिकीट काढताना मी बघितलीच नव्हती आणि आईने बघूनही सांगितली नव्हती, कारण मी तारीख बदलली असती. त्याच दिवशी 'मी सन' नावाच्या ठिकाणी जायचं ठरलेलं, होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. चंपा नावाच्या जुन्या राज्यातल्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं, डोंगरांच्या मधे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने सुरुवात केली, देवाचं नाव भद्रेश्वर, आणि तेराव्या शतकापर्यंत बांधत राहिले. विटांचे बुरूज, त्यावर झाडं उगवलेली, संस्कृत शिलालेख. आणि मधेच मोठे खड्डे, १९६९ ला अमेरिकेने बॉम्ब टाकले त्याचे. सगळ्यात सुंदर देऊळ म्हणायचे ते तेव्हाच गेलं, आता नुसता चौथरा आणि विटांचा ढीग. गाइड मुलगा सांगत होता की इथे तुमच्या भारतातल्या पुरातत्त्व खात्याने बरीच दुरुस्ती केली आणि ते काम चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग निघालं. आईने विचारलं, रोज पूजा कोण करतं? कोणी नाही. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग पाण्याच्या बाटलीतून थोडं पाणी बाहेरच्या दगडाच्या कडेला सोडलं आणि म्हणाली, "पोराच्या उपासाला बापाकडे आलो, बरं झालं."

उपासाचं मला टेन्शन होतं, साबुदाणा आणलेला नाही, वरीचे तांदूळ नाहीत. काही अडलं नाही. रस्त्यावर उकडलेली रताळी घेऊन बाई बसलेली, जांभळी आणि पिवळी दोन्ही, भाजलेले शेंगदाणे, शहाळं, छोटी केळी. इतका पोटभर उपास मी तरी बघितला नाही. खरा गोंधळ चंद्रोदयाचा. कालनिर्णयमध्ये मुंबईची वेळ, व्हिएतनाम आपल्या दीड तास पुढे, आणि फोनमधलं अॅप तिसरंच काहीतरी सांगतंय. व्हॉट्सअॅपवर मावशी म्हणाली घरची वेळ धर, नाशिकच्या काकू म्हणाल्या जिथे आहेस तिथलाच चंद्र. आईने दोघींना नमस्काराचा इमोजी पाठवला आणि साडेआठला नदीवर जाऊन उभी राहिली. मला काकूंचं पटलं, पण कोणी विचारलं नव्हतं.

नदीवर नुसती जत्रा. होड्यांवर कंदील, होडीवाल्या बायका ओरडून भाव सांगतायत, कोरियन ग्रुप, कागदाचे दिवे पाण्यात सोडणारी पोरं. खरा कंदिलांचा दिवस पौर्णिमेच्या आदल्या रात्री, तेव्हा जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात, तो आमचा चारपाच दिवसांनी हुकला होता. पण चतुर्थीचा चंद्र उशिरा येतो ते एक बरं, गर्दी थोडी कमी झाली आणि मग छपरांच्या मागून तांबूस असा वर आला. आईने पर्समधून कुंकू काढलं, फोनवर गणपतीचा फोटो लावला, दुकानाच्या पायरीवर ठेवला. तिथल्या प्रत्येक दुकानात जमिनीलगत छोटं देव्हारं असतं, पुढे फळं, अगरबत्ती, कधी कधी कॉफीचा कप आणि सिगारेट पण, त्यामुळे दुकानवालीला काही समजावायला लागलं नाही, तिने आतून अगरबत्ती आणून आईच्या हातात दिली. दूर्वा नव्हत्या. नैवेद्याला मी केळीच्या पानात बांधलेले काळसर चिकट गोळे आणले होते, आत खोबरं आणि मूगडाळीचं गोड सारण. आईने एक उघडून बघितला, वास घेतला, फोटोपुढे ठेवला. नंतर खाताना म्हणाली, "उकड जरा जास्त चिकट आहे, सारण चांगलंय."

आज दुपारी नौपाड्यात तिच्याकडे गेले तर मैत्रिणी जमलेल्या. दा नांगचा तो ६६६ मीटरचा ड्रॅगन ब्रिज, शनिवार-रविवारी रात्री नऊला तोंडातून आग काढणारा, ज्याच्यासाठी आम्ही तासभर फुटपाथवर उभ्या होतो, त्याचा हिने उल्लेखच केला नाही. रताळीवालीवर मात्र दहा मिनिटं. मग मोठ्या हौसेने सगळ्यांना फिनमधून कॉफी करायला घेतली, एकच फिन आणि बायका पाच, थेंब थेंब चाललंय, शेवटी देशपांडे काकूंनी आत डोकावून विचारलं, गॅस संपलाय का गं? चौघींनी चहाच घेतला.